डावीकडची जागा

लेस्टर
९ मे १९७६
७८६

प्रिय कस्तुरा,

मे महिन्यात दोन स्वेटर घालून टेनिस खेळणारी बाई बघायची असेल तर इकडे ये. मामूंच्या घरी सुखरूप आहे. आठवड्यातले चार दिवस त्यांच्या दुकानात कापड फाडते आणि उरलेले दिवस बॅग उचलून जिथे स्पर्धा असेल तिथे जाते. एकेरीत मला कुणी विचारत नाही, मीही एकेरीला विचारत नाही. दुहेरीत मात्र दोनदा उपांत्य फेरी गाठली. पेपरात नावसुद्धा आलं, अगदी खालच्या कोपऱ्यात.

इथली कोर्टं गवताची. बॉल उसळतच नाही गं, घसरतो. कंपनीच्या क्लबात तुझ्या कोंडीराम आबांनी शेणमातीने सारवलेल्या कोर्टावर वाढलेली मी, पहिल्या दिवशी नुसती हवेत रॅकेट फिरवत होते. आबांना सांग, गोऱ्या लोकांना कोर्ट सारवता येत नाही.

सध्या योहाना नावाच्या हॉलंडच्या मुलीबरोबर खेळते. ताडमाड उंच, सर्व्हिस अशी की समोरची बाई डोळेच मिटते. पण मधला बॉल आला की ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे, आणि बॉल आमच्या मधून आरामात निघून जातो. तू 'घेते' म्हणालीस की मी डोळे झाकून बाजूला व्हायची. आणि तुझा तो डावा हात! आपल्या दोघींचे फोरहँड दोन कडांना, त्यामुळे कडेने मारायला कुणाला जागाच मिळायची नाही. गुरुजींनी छड्या मारमारून तुला उजव्या हाताने लिहायला लावलं, ते एक बरं की त्यांना टेनिस माहीत नव्हतं.

योहाना म्हणते, पुढच्या वर्षीपासून कायमची जोडी करू. मी सांगितलं, माझी डावीकडची जागा दिलेली आहे. तेव्हा तू आता ये. एक उन्हाळा दोघी खेळलो तर मोठ्या स्पर्धांची दारं उघडतील. अब्बांकडे जात जा. अम्मी गेल्यापासून ते गॅरेजातच जेवतात, मला माहीत आहे.

तुझी फरीदा


पिंपरी
६ जून १९७६
जय भीम

प्रिय फरीदा,

तुझं पत्र आबांना वाचून दाखवलं. 'शेनमाती न्हाई म्हंजी कोर्टच न्हाई,' एवढंच बोलले आणि रोलर ओढायला गेले.

मी कंपनीच्या ऑफिसात नानासाहेबांना भेटले. तिकिटाचं कंपनी क्रीडानिधीतून बघेल म्हणाले. पण तीन महिने सुट्टी? ती म्हणे साहेबालासुद्धा मिळत नाही. मग त्यांनीच वाट काढून दिली. रविवारी कामावर आलं की बदली सुट्टी जमा होते. वर्षभराचे रविवार आणि माझी हक्काची रजा मिळून पुढच्या जूनपासून ऑगस्टपर्यंत निघू शकते. आमचं स्टोअर रविवारी बंद असतं, म्हणून मी प्रेस शॉपला नाव दिलंय. स्विचच्या पितळी पट्ट्या कापायच्या. पट्टी सरकवायची, पाय दाबायचा, पट्टी सरकवायची. डोकं लागत नाही.

क्लबात खेळणाऱ्या सुमनताईंची बदली झाली. जाताना त्यांची जुनी रॅकेट मला देऊन गेल्या. म्हणाल्या, त्या बुधवारी आमची चौथी बाई आली नाही म्हणून कोंडीरामच्या मुलीला कोर्टात उभं केलं, आणि चौथी बाई कायमची घरी बसली. मी हसले, पण मला रडू येत होतं.

अब्बांचं पत्र वेगळं पाठवते. ते दर शुक्रवारी नमाजानंतर कासारवाडीहून सायकलवर येतात, त्यांच्या बोलीत सांगतात आणि मी मराठी करून लिहिते. खाली अंगठा मात्र स्वतः उठवतात, आणि तो सुकेपर्यंत फुंकत बसतात.

डावीकडची जागा राखून ठेव. येते.

कस्तुरा


लेस्टर
३० ऑगस्ट १९७६

कस्तुरे,

रविवारी प्रेसवर, बाकीचे दिवस स्टोअरमध्ये, मग खेळतेस कधी? मला सुट्टी साठवलेली बाई नको, खेळणारी हवी. संध्याकाळी भिंतीवर तरी शंभर बॉल मार.

योहानाबरोबरचा हंगाम संपला. एक स्पर्धा जिंकलो. चषक एवढासा आहे, त्यात चहासुद्धा मावत नाही. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तुझं नाव सांगितलं. 'कस्टुरा' म्हणते ती. ऐकायला मजा येते.

फरीदा


पिंपरी
२८ नोव्हेंबर १९७६
(लिहिलं, पेटीत टाकलं नाही)

फरीदा,

चौदा तारखेला, रविवारी, प्रेसमध्ये माझा हात गेला. डावा. चार बोटं गेली, अंगठा राहिला.

पट्टी उजव्या हाताने सरकवायची असते. बोटं आत जाऊ नयेत म्हणून मशीनला जाळी असते, ती त्याच बाजूला आहे. मी डावरी. पहिले काही रविवार उजव्या हाताने केलं, पण हात मागे पडायचा आणि सुपरवायझर ओरडायचा. मग मी उलटी बसले, जाळी नसलेल्या बाजूने. डाव्या हाताने काम भराभर व्हायला लागलं. तो म्हणाला, बघ, आता कसं जमलं. माझाही हुरूप वाढला. सुट्टीचे किती रविवार जमले ते मी मनात मोजत होते, तेव्हाच पाय दाबला गेला. दुखलं नाही. आधी पट्टीवर रक्त कुणाचं म्हणून बघितलं.

अब्बा दवाखान्यात आले. टेंपोत घालून घरी त्यांनीच आणलं. आई नुसती हाताकडे बघते. आबा रोज कोर्ट सारवतात, कुणी खेळायला नसलं तरी.

मला वाटत होतं माझ्यात खूप काही आहे. सगळं त्या एका हातात होतं. तुला सांगायला हवं. हे पत्र


पिंपरी
२० डिसेंबर १९७६
जय भीम

प्रिय फरीदा,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. ताप होता, आता बरी आहे. अब्बा मजेत आहेत, गॅरेजवर नवीन पत्रे टाकले. भिंतीवर बॉल मारते. इथे विशेष काही नाही.

जागा ठेव हं.

कस्तुरा


लेस्टर
१५ जानेवारी १९७७

कस्तुरे,

चार ओळींचं पत्र पाठवायला एवढे दिवस लागले? मी घाबरले होते, खोटं कशाला सांगू. पण पाकीट फोडलं आणि तुझं टपोरं अक्षर बघून जीव भांड्यात पडला. हात थरथरला असता तर अक्षर बोललं असतं. ताप म्हणजे ताप, मान्य.

योहानाने तिसऱ्यांदा विचारलं. तिला दोन वर्षांसाठी जोडी ठरवायची आहे, जर्मनीचा एक क्लब तिच्या जोडीचा प्रवासखर्च उचलणार आहे. मामू म्हणाले, मूर्ख आहेस का, हो म्हण. मी नाही म्हणाले. जूनमध्ये तू येणार, मग मी कुणाच्या गळ्यात पडू?

तू फक्त एकदा स्पष्ट लिही, की जागा ठेव. म्हणजे मामूंच्या तोंडावर पत्र फडकवते.

फरीदा


पिंपरी
४ मार्च १९७७
जय भीम

प्रिय फरीदा,

यंदा जमत नाही. रजा मंजूर झाली नाही. पुढच्या वर्षी नक्की. मला माहीत आहे, हे वाचून तू पत्र भिरकावून देशील. पण तू मागितलं म्हणून स्पष्ट लिहिते, जागा ठेव. दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. मी रोज खेळते.

कस्तुरा


लेस्टर
११ ऑक्टोबर १९७७

कस्तुरा,

हा हंगाम कसा गेला ते विचारू नकोस, तरी सांगते. नऊ स्पर्धा, सात जोडीदारणी. जी रिकामी सापडेल ती. एकीला नेटजवळ जायची भीती, दुसरीला माझी. सहा वेळा पहिल्याच फेरीत बाहेर. योहाना आणि तिची नवीन जोडीदारीण मोठ्या स्पर्धांत खेळतात, त्यांचे फोटो येतात. तरी ती चांगली आहे बिचारी. तिची जोडीदारीण लग्न करते आहे. मला म्हणाली, जानेवारीअखेर शेवटचं उत्तर दे, मग मी दुसरी बघेन.

मी पंचवीस पूर्ण केली. गुडघा सकाळी जिना उतरताना वाजतो. अजून दोन-तीन वर्षं आहेत माझ्याकडे, त्यापेक्षा जास्त नाहीत. खरं लिही. येणार नसशील तर मी रडेन, चार दिवस शिव्या देईन आणि योहानाकडे जाईन. तुझ्यावरचा जीव कमी होणार नाही. फक्त खरं लिही.

फरीदा


पिंपरी
१६ जानेवारी १९७८
जय भीम

प्रिय फरीदा,

येते. जूनमध्ये, दहा तारखेला शनिवारी पोचेन. योहानाला नाही सांग. आपलं नाव दे.

कस्तुरा


लेस्टर
२ फेब्रुवारी १९७८

कस्तुरे, कस्तुरे, कस्तुरे!

मामूंना पत्र फडकवून दाखवलं. मामीने शिरा केला. योहानाला सांगितलं, तिने मला मिठी मारली आणि दुसऱ्या दिवशी दुसरीबरोबर जोडी ठरवली. इथे सगळं असं झटपट असतं.

मी समुद्रकाठच्या मोठ्या स्पर्धेत आपली नावं टाकली. पात्रता फेरी, पण पात्रताच मोठी आहे. फरीदा मुलाणी आणि कस्तुरा ओव्हाळ, भारत. इथे रीत अशी की सोमवारी, बारा जूनला, संध्याकाळी सहाच्या आत दोघींनी स्वतः येऊन वहीत सही करायची. एकीची सही चालत नाही. तू शनिवारी उतरणार, रविवारी तुला गवत दाखवते, सोमवारी सही.

मधला बॉल तुझा, हे लक्षात आहे ना?

फरीदा


पिंपरी
२९ मे १९७८

फरीदा,

मी येणार नाही. येऊच शकणार नव्हते. नोव्हेंबर शहात्तरमध्ये प्रेसमध्ये माझ्या डाव्या हाताची चार बोटं गेली. तेव्हाच लिहिलेलं अर्धं पत्र सोबत ठेवते, म्हणजे मी आता रचून सांगते असं वाटायला नको. तिकीट, रजा, सगळं त्याच दिवशी संपलं. कंपनीने मला गेटवर पास लिहायला बसवलंय. अक्षर चांगलं आहे म्हणून.

अब्बांना मी शपथ घातली होती. हाताची पट्टी सुटेपर्यंत सांगू नका, असं मीच म्हणाले, आणि मग ती शपथ कधी सोडवलीच नाही. त्यांची पत्रं माझ्याच हातची, त्यामुळे अडचण नव्हती.

का लपवलं? पहिल्यांदा वाटलं, गुरुजींनी जबरदस्तीने उजव्या हाताला लिहायला शिकवलं, तसं खेळायला शिकवता येईल. रोज पहाटे आबा बॉल टाकायचे आणि मी उजव्या हाताने मारायची. जानेवारीत एका सकाळी लागोपाठ वीस बॉल नेटपलीकडे गेले. त्याच दिवशी मी तुला 'येते' लिहिलं. खोटं बोलत नव्हते गं, त्या दिवशी मला खरंच वाटलं. नंतर क्लबात आलेल्या एका नव्या साहेबाच्या बायकोने समोरून सर्व्हिस केली. सहापैकी एकाही बॉलला रॅकेट लागली नाही. ती घाबरून माझ्या हाताकडे बघत राहिली. तेव्हा कळलं की आबा मला लेकराला घास भरवावा तसे बॉल टाकत होते.

पण हे अर्धंच खरं आहे. तू योहानाबरोबर गेली असतीस तर माझी जागा संपली असती. इथे मी गेटवरची थोटी बाई. तुझ्या पत्रात मात्र मी अजून डावीकडे उभी होते. ते मला सोडवलं नाही.

कस्तुरा


लेस्टर
२५ जून १९७८

कस्तुरा,

तुझं पत्र एकोणीस तारखेला मिळालं. आत तारीख २९ मे, पाकिटावर शिक्का ८ जूनचा. दहा दिवस ते तुझ्याजवळ होतं. तार करता आली असती.

दहा तारखेला मी विमानतळावर होते. दाराशी भारतातून येणाऱ्यांचा लोंढा संपेपर्यंत उभी राहिले, मग सफाईवाली आली. वाटलं, विमान चुकलं असेल. सोमवारी त्या मंडपात वहीत माझी सही केली. तुझ्या ओळीवर बोट ठेवून बसले. सहा वाजता वहीवाल्या बाईने विचारलं, दुसरी कुठे आहे? योहाना तिथेच होती. तिने मान खाली घातली. बाईने पट्टी लावली आणि दोन्ही नावांवर एकच रेघ मारली.

तुझ्या हाताचं वाचून मी किती रडले ते मामीला विचार. जमिनीवर बसले होते. मग उठून तुझी सगळी पत्रं पलंगावर तारखेने लावली. २० डिसेंबर, जागा ठेव. ४ मार्च, जागा ठेव. १६ जानेवारी, योहानाला नाही सांग. हात प्रेसने घेतला, त्यात तुझा दोष नाही. पण माझी दोन वर्षं तू एकेक पत्र टाकून घेतलीस. मी 'खरं लिही' म्हणाले होते. त्या पत्राचं उत्तर तू एका शब्दात दिलंस.

जी सहीला जोडीदारीण आणू शकत नाही तिच्याबरोबर इथे कुणी नाव जोडत नाही. मी चार जणींना विचारून पाहिलं. परवापासून मोज्यांच्या कारखान्यात लागले, जोड्या लावून पुड्यात भरायच्या. रॅकेट मामूंच्या दुकानात टांगली आहे, कुणाला हवी असेल तर.

अब्बांना सांग, यापुढे पत्र दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या. तुझं अक्षर मला नको.

फरीदा


पिंपरी
२ फेब्रुवारी १९७९, शुक्रवार

बेटी फरीदास अब्बांचा दुवा.

मी युनूस सांगतो आहे. अक्षर कस्तुराचं आहे, पण फाडू नकोस, शब्द माझे आहेत.

तुझं पत्र हिने मला एकही ओळ न गाळता वाचून दाखवलं. मग मी सात महिने दुसरा लिहिणारा शोधला. स्टेशनवरच्या अर्ज लिहिणाऱ्याकडे गेलो. तो म्हणाला, सांगा चाचा, आणि मला काही सांगताच येईना. आपल्या घरातलं त्याला कसं सांगू? कोरंच पत्र घेऊन परत आलो. असं तीनदा झालं. तुला वाटलं असेल अब्बा रागावले. अब्बा रागावले नव्हते.

गुन्हा माझाही आहे. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. शपथ होती हे खरं, पण नुसती शपथ नव्हती. तू योहानाबरोबर गेलीस तर तिकडचीच होशील, अशी मला भीती होती. कस्तुराची वाट बघत राहिलीस तर इकडची एक दोरी शिल्लक राहील. म्हणून मीही गप्प बसलो. हे मी हिलाही आज पहिल्यांदाच सांगतो आहे. लिहिता लिहिता थांबली आहे. लिही गं.

कोंडीरामचं कोर्ट गेलं. तिथे कामगारांच्या स्कूटरी लावायला शेड बांधली. त्याला कुणी आधी सांगितलं नाही. आदल्या दिवशीच त्याने नवीन सारवलं होतं, चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. सकाळी ट्रक खडी ओतून गेला. आता तो दिवसभर शेडमध्ये बसून असतो, स्कूटरी मोजत नाही, काही नाही.

तू घरी ये असं मी म्हणणार नाही. येऊन काय करशील? पण पत्र पाठव. कुणाच्याही हातचं चालेल.

अब्बांनी सांगितलं ते एवढंच. पुढचं माझं आहे, त्यांना वाचून दाखवून लिहिते. फरीदा, अब्बा म्हणत होते की माफी मागून टाक, लेक आहे, विरघळेल. मी मागत नाही. तू माफ केलंस तरी तुझी ती दोन वर्षं आणि तो वहीवाला सोमवार परत येणार नाही, आणि तू नाही केलंस तर मला आश्चर्य वाटणार नाही. भिंतीवर बॉल मारायचं मी सोडलं. भिंतही राहिली नाही.

आता शाईची बाटली अब्बांनी धरली आहे, मला ती धरता येत नाही. खाली दोन अंगठे आहेत. मोठा त्यांचा. त्याच्या डावीकडचा माझा, डाव्या हाताचा. अक्षरावरून तुला काही कळलं नाही, म्हणून हा ठसा पाठवते.